मामांचे घोरणे आणि घाटाखालचा रस्ता
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कर्जत-खालापूर भागात झोपेची दोन रूपे रोज बघायला मिळतात. एक, पहाटेच्या लोकलमध्ये. कर्जतहून मुंबई शंभर किलोमीटर. दोन तासांहून जास्त प्रवास. भिवपुरी गेले, नेरळ आले की अर्धा डबा पेंगायला लागतो. माना डोलतात, तोंडे उघडी पडतात, शेजाऱ्याचा खांदा उशीसारखा वापरला जातो आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही म्हणत नाही. दुसरे रूप घाटाच्या पायथ्याशी. खोपोली-खालापूरच्या धाब्यांबाहेर रात्री ट्रक उभे असतात, खाली सतरंजी टाकून ड्रायव्हर आडवा झालेला असतो आणि त्याचे घोरणे रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजातूनही ऐकू येते. बघणारा कौतुकाने म्हणतो, ‘काय गाढ झोपलाय बघा! नशीबवान माणूस.’

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, हा समज आपल्याकडेच आहे असे नाही, जगभर होता. वैद्यकशास्त्रानेसुद्धा तो परवापरवापर्यंत बाळगला. तो कसा टिकला आणि कसा मोडला याची हकीगत मला आज सांगायची आहे. माझी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच आला. पण या विषयाकडे मी वळलो तो स्वतःच्या आजारामुळे नाही. वळलो ते माझ्या थोरल्या मामांमुळे.

मामा ट्रक चालवायचे. घर खोपोलीला, मालक पुण्याकडचा. जुन्नर, नारायणगाव भागातला कांदा-बटाटा भरायचा, रात्री निघायचे, खंडाळ्याचा घाट उतरून पहाटे मुंबई गाठायची. तेव्हा आजचा द्रुतगती मार्ग नव्हता. गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये बांधलेल्या घाटरस्त्याचीच ती वाढवलेली, रुंदावलेली वाट. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. येता-जाता ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. मामांनी कधी चुकवले नाही. अंगाने भरलेले, मान आखूड, गळ्यात तुळशीची माळ. दरवर्षी आळंदी. दारूचा थेंब नाही, तंबाखूसुद्धा नाही.

१९७४ च्या मे महिन्यात एका पहाटे त्यांचा ट्रक घाट उतरून, खोपोली-खालापूर मागे टाकून, चौककडच्या सरळ रस्त्यावर डावीकडे शेतात उतरला आणि चिंचेच्या झाडावर गेला. मामांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. क्लीनरचा पाय मात्र गुडघ्याखाली गेला. अठरा वर्षांचा मुलगा होता तो. रस्ता कोरडा, समोरून गाडी नाही, ब्रेक शाबूत. ब्रेक दाबल्याची खूणही रस्त्यावर नव्हती. मग कारण काय? नाक्यावर एकच कारण निघाले आणि तेच मालकाने धरले: ड्रायव्हर प्यायलेला होता.

मामी सांगायची, ‘अरे, आदल्या दिवशी दुपारभर झोपले होते. घोरत होते. झोप कमी पडली म्हणावं, तर तसंही नाही.’ हेच तिला कोडे होते. झोप पुरेशी, दारू नाही, मग माणूस स्टिअरिंगवर झोपतो कसा? मामांची नोकरी गेली. पुढे ते एका कारखान्याच्या फाटकावर रखवालीला लागले. तिथेही खुर्चीत डुलक्या घेतात म्हणून दोनदा ताकीद मिळाली. १९७९ च्या पावसाळ्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पहाटे झोपेतच गेले. गावाने ‘पुण्यवान मरण’ म्हटले. दारूचा डाग पुसला गेला नाही तो नाहीच.

आता थोडे मागे जाऊ. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याहून मला नवल वाटले ते सुश्रुतसंहितेतल्या एका शब्दाचे. अतिस्थूल माणसाची लक्षणे देताना सुश्रुत धाप, तहान, भूक, घाम, अतिनिद्रा यांच्या रांगेत ‘क्रथन’ असा शब्द घालतो. क्रथन म्हणजे श्वास अचानक अडणे. अतिनिद्रा आणि श्वास अडणे ही दोन लक्षणे एकाच ओळीत बसलेली आहेत. त्यांचा परस्परसंबंध कोणी सांगितला नाही, पण पाहणाऱ्याने पाहिले होते एवढे नक्की. कुंभकर्णाला मी या यादीत घेत नाही. डॉक्टर मंडळी आपल्या व्याख्यानात त्याचे चित्र दाखवून हशा मिळवतात, पण तो वरदानाने झोपत होता, आजाराने नाही.

ग्रीकांकडे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात काळ्या समुद्राकाठी हेराक्लिआचा डायोनिसियस नावाचा सत्ताधीश होऊन गेला. तो इतका लठ्ठ आणि इतका झोपाळू होता की, त्याला जागे करायला वैद्यांनी लांब सुया करवून घेतल्या होत्या म्हणतात. चरबीतून पार होऊन सुई आत टोचली की मगच तो हलायचा. पुढे १८३६-३७ मध्ये इंग्लंडात चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापून आली. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. निरोप सांगायला जातो आणि दारात उभ्या-उभ्या झोपतो, जेवण वाढता-वाढता घोरतो. वाचक पोट धरून हसले. आपल्याकडच्या नाटक-सिनेमांतही घोरणारा जाडा माणूस हसवायलाच असतो, त्याचे मूळ फार जुने आहे.

गंमत अशी की, त्या पोऱ्याचे नाव शंभर वर्षांनी वैद्यकात गेले. १९५६ मध्ये अमेरिकेत हार्वर्डचे डॉ. सिडनी बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. एक्कावन्न वर्षांचा व्यापारी गृहस्थ, वजन एकशे एकोणीस-वीस किलो. तो आपण होऊन दवाखान्यात आला त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. दर आठवड्याच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरमध्ये असा हात आयुष्यात क्वचित येतो. आणि तो हात हातात धरून गृहस्थ झोपी गेले! डाव गेला. तेव्हा त्यांना वाटले, आता मात्र डॉक्टर गाठला पाहिजे. बर्वेल यांनी या आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. कारण मात्र चुकीचे सांगितले. लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याची गुंगी येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अगदीच खोटा नव्हता, पण मुख्य गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. कारण त्यांनी रुग्णाला तपासले ते दिवसा, जागेपणी. रात्री त्याच्या उशाशी कोणी बसलेच नाही.

या सगळ्या इतिहासाची किल्ली मला इथे सापडते. हा आजार असा आहे की, डॉक्टर समोर असतो तेव्हा तो नसतो. रुग्णाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो, कारण तो झोपलेला असतो. साक्षीदार एकच, शेजारी निजणारी व्यक्ती. आणि तिला कोणी विचारत नव्हते. मामी आम्हा मुलांना सांगायची, ‘तुझे मामा घोरतात त्याची मला भीती नाही. घोरायचे थांबतात त्याची भीती वाटते. मधेच आवाज बंद होतो. छाती हलते, पण वारा नाही. मी नाकाशी बोट धरून बघते. मग एकदम घशात खळ्ळकन आवाज येतो आणि पुन्हा सुरू.’ आम्ही हसायचो. तिने केलेले ते वर्णन आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात जसेच्या तसे छापता येईल.

युरोपात १९६५ मध्ये अखेर कोणीतरी रात्री बसले. मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारे यंत्र तोवर पस्तीस-चाळीस वर्षांचे झाले होते. १९५३ मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने हलतात असा एक टप्पा असतो हे दाखवल्यापासून रात्रभर झोपेची नोंद घेण्याची पद्धतही सुरू झाली होती. फ्रान्समध्ये मार्सेच्या गास्तो आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत युंग आणि कुलो यांनी, अशा झोपाळू लठ्ठ रुग्णांना रात्रभर तारा लावून ठेवले. कागदावर उमटले ते असे: झोप लागली की नाकातोंडातून हवा जाणे बंद. छाती-पोटाची धडपड चालूच. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर. मग मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा घोर निघतो, पुन्हा झोप, पुन्हा बंद. रात्रीतून शेकडो वेळा. म्हणजे दिवसाची झोप हा आजार नव्हताच, तो रात्रीच्या जागरणाचा हिशेब होता. ज्याला ‘गाढ झोपलाय’ म्हणत होते तो माणूस रात्रभर जागाच होता आणि त्याला ते माहीत नव्हते.

पुढे इटलीत बोलोन्याच्या लुगारेझी आणि कोचान्या यांनी दाखवले की, श्वास अडतो त्या प्रत्येक वेळी रक्तदाब चढतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डेमेंट यांनी झोपेच्या आजारांसाठी खास दवाखाना काढला होता. तिथे १९७२ मध्ये क्रिस्तियाँ गीयमिनो हा फ्रेंच डॉक्टर येऊन दाखल झाला. त्याने पाहिले की, लठ्ठ नसलेल्यांनाही हे होते. लहान मुलांनाही होते. मग पिकविकचे नाव कशाला? १९७६ मध्ये डेमेंट आणि टिल्कियन यांच्यासह लिहिलेल्या लेखात ‘स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. अ‍ॅप्निया हा ग्रीक शब्द, अर्थ श्वास नसणे. मामांचा अपघात त्याआधी दोन वर्षे झालेला. तेव्हा या आजाराला धड नावही नव्हते.

घशात नेमके काय होते ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला सोपे आहे. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे वर गेली. त्याआधी मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत यायची आणि प्रवासी पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचे. या घाटात पंचवीस बोगदे खोदले. बोगदा कातळातून गेला तर उभा राहतो. मऊ, भुसभुशीत जागेतून गेला तर त्याला आतून आधार द्यावा लागतो. आपले नाक आणि खालची श्वासनलिका म्हणजे कातळातले बोगदे. हाडाने, कूर्चेने बांधलेले. मधला घसा मात्र नुसत्या मऊ मांसाचा. त्याला उघडे ठेवतात ते स्नायू. जागेपणी ते ताठ असतात. झोपेत सैल पडतात. जीभ मागे कलते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग लोंबतो. वाट अरुंद झाली की हवा फडफडत जाते, ते घोरणे. वाट मिटली की अ‍ॅप्निया. मानेभोवती चरबी असेल, जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील तर वाट लवकर मिटते. संध्याकाळी दारू घेतली किंवा झोपेची गोळी घेतली तर स्नायू आणखी सैल पडतात. उताणे झोपले तर जीभ आणखी मागे जाते. कुशीवर वळवले की घोरणे कमी होते. हे मामीला ठाऊक होते, रात्रीतून दहा वेळा ती कोपराने ढोसून त्यांना वळवायची.

तासाला पाचपेक्षा कमी वेळा असे झाले तर डॉक्टर दुर्लक्ष करतात. पंधराच्या पुढे गेले की काळजी, तिसाच्या पुढे तीव्र. दर वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो, हृदय धडधडते, रक्तदाब उसळतो. महिनोन् महिने हे चालले की, रक्तदाब दिवसाही खाली येत नाही. दोन-तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या रक्तदाबामागे पुष्कळदा हेच निघते. हृदयाचे ठोके अनियमित होणे, अर्धांगवायू, मधुमेह बळावणे यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. सकाळी डोके जड, घसा कोरडा, रात्री लघवीला तीनचारदा उठणे, चिडचिड, विसरभोळेपणा. यांतले प्रत्येक लक्षण आपण वयावर ढकलून मोकळे होतो.

उपाय सुरुवातीला एकच होता आणि तो भयंकर होता. गळ्याला पुढून भोक पाडायचे आणि नळी बसवायची. १९६९ मध्ये जर्मनीत कुलो यांनी तो करून पाहिला. रुग्णाची झोप एका रात्रीत सुधारली, पण गळ्यात नळी घेऊन कोण जगायला तयार होणार? ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन या डॉक्टरकडे १९८० मध्ये असाच एक रुग्ण आला. गळ्याला भोक नको म्हणाला, पण एक रात्र प्रयोगाला तयार झाला. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. हवा ओढायच्या ऐवजी ती हवा फेकू लागली. नाकावर साच्याने घडवलेला मुखवटा चिकटवला आणि मोटरची हवा हलक्या दाबाने नाकातून घशात सोडली. हवेच्याच खांबाने बोगदा आतून तोलून धरला. तो माणूस तात्काळ खोल झोपेत गेला, सकाळी ताजातवाना उठला. एप्रिल १९८१ मध्ये पाच रुग्णांचा हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते यंत्र हेच. आता ते बिस्किटाच्या डब्याएवढे झाले आहे.

भारतात या विषयाची मोजदाद उशिरा झाली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो मैलाचा दगड मानतात. नेहमीच्या तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यांतल्या २५० जणांची घरी रात्रभर नोंद घेतली. शेकडा साडेएकोणीस जणांचा श्वास झोपेत अडत होता. त्याच्या जोडीला दिवसाची झोपही असलेले शेकडा साडेसात निघाले. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९९३ मध्ये अशीच पाहणी झाली होती, तिथे पुरुषांत हेच प्रमाण शेकडा चार होते. म्हणजे हा लठ्ठ गोऱ्यांचा आजार, आपण बारीक, आपल्याला काय होणार, ही समजूत गेली. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला, की सुमारे दहा कोटी भारतीयांना हा आजार असावा. पुरुषांत शेकडा तेरा, स्त्रियांत पाच. स्त्रियांचा आकडा मला कमी वाटतो. बाई घोरते हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, ती स्वतः तर नाहीच नाही. पाळी गेल्यावर त्यांच्यातही प्रमाण वाढते, हे मात्र सिद्ध झालेले आहे. सर्वसामान्य मराठी घरात हा शब्द पोचला तो बहुधा १५ फेब्रुवारी २०२२ नंतर. त्या दिवशी मुंबईत बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारणांत स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव घेतले.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये, वर्गात मुलांना पेपर लिहायला देऊन, मी खुर्चीत झोपलो. मुले हसली. मीही हसलो. नंतर एकदा मोटारसायकलवर कडावच्या रस्त्याला क्षणभर डोळा लागला आणि कडेच्या खडीत गेलो, तेव्हा हसू आले नाही. पुण्याला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी मला एक प्रश्नपत्रिका दिली. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली, आठ प्रश्नांची. वाचताना झोप येते का, टीव्ही बघताना येते का, वाहनात तासभर बसल्यावर येते का, असे त्यातले प्रश्न. मी म्हटले, ‘डॉक्टर, आमच्या कर्जत लोकलमध्ये या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस सापडायचा नाही.’ खरेच ही आमच्याकडची अडचण आहे. सगळेच पेंगत असतात, त्यामुळे आजारी कोण आणि पहाटे तीनला उठलेला कोण, कळणार कसे? एक खूण मी अनुभवाने सांगतो. रविवारी दहा तास झोपूनही जो सोमवारी तसाच पेंगतो, त्याने तपासून घ्यावे. अपुऱ्या झोपेची भरपाई होते. तुटक्या झोपेची होत नाही.

डॉक्टरांनी मग माझ्याकडे पाठ केली आणि माझ्या पत्नीला विचारले, ‘हे झोपेत श्वास घ्यायचे थांबतात का?’ ती म्हणाली, ‘हो. छाती हलते, पण वारा नसतो. मी नाकाशी हात धरून बघते.’

माझ्या अंगावर काटा आला. ती मामीला माझ्या लग्नानंतर दोनतीनदाच भेटलेली. या गोष्टीबद्दल त्यांचे बोलणे झालेले असणे शक्य नव्हते. रात्रभराच्या नोंदीत माझा आकडा तासाला एक्केचाळीस निघाला. तेव्हापासून मी सीपॅप लावून झोपतो. पहिले पंधरा दिवस मुखवटा ओढून फेकावासा वाटायचा. नाकावर वळ उठायचे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की यंत्र बंद पडते आणि मी दचकून उठतो, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, शाळेत जाताना, उल्हास नदीवरच्या पुलावरून समोरचे डोंगर मला इतके स्पष्ट दिसले की, चष्म्याचा नंबर बदलला की काय असे वाटले.

मग मी मामांच्या त्या पहाटेचा विचार करू लागलो. घाट माणसाला जागे ठेवतो. वळणे, उतार, गिअर, समोरचे दिवे. झोप गाठते ती घाट संपल्यावर, सरळ रस्त्यावर, पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, जेव्हा शरीराचे घड्याळच झोपेकडे झुकलेले असते. झोप लागलेला माणूस ब्रेक दाबत नाही. प्यायलेला निदान उशिरा का होईना दाबतो. ब्रेकची खूण नव्हती, हे सगळ्यांनी पाहिले होते. त्यातून काय निघते हे कोणाला माहीत नव्हते.

स्पेनमध्ये बुर्गोस आणि सांतांदेरला अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या १०२ चालकांची झोप तपासली आणि १५२ इतर माणसांशी ताडून पाहिली. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्यांचा श्वास झोपेत तासाला दहापेक्षा जास्त वेळा अडतो, त्यांना अपघाताचा संभव सहापट निघाला. युरोपीय संघाने २०१४ मध्ये वाहन परवान्याच्या नियमांत हा आजार घातला. उपचार घेणाऱ्याचा परवाना जात नाही. न घेणाऱ्याचा अडतो. मी परवान्यासाठी भरलेल्या फॉर्मात फेफरे, चक्कर, बेशुद्धी यांची चौकशी होती, घोरण्याची नव्हती. आपल्याकडे मोटर वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता, दिवसाला आठ तास काम असे त्यात लिहिलेले होते. धाब्यावर कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा, तो हसेल.

आणि रस्ता आता तो राहिला नाही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा खुला झाला, आमच्या खालापूर तालुक्यातून तो आरपार जातो. घाटाखाली सरळ, रुंद, सिग्नल नसलेला. झोप यायला याहून चांगली जागा नाही. २०१६ मध्ये या एका रस्त्यावर १५१ माणसे गेली. त्यानंतर कठडे, फलक, कॅमेरे, गस्त यांनी तो आकडा खाली आला, हे मान्य केले पाहिजे. पण वेग कॅमेऱ्यात दिसतो, दारू नळीत फुंकून कळते. झोप कशातच उमटत नाही, आणि अपघातानंतर माणूस जागा झालेला असतो. पंचनाम्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द पडतो. त्या शब्दाखाली किती मामा असतील, कोण जाणे.

सीपॅपबद्दलही अवाजवी बोलू नये. २०१६ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा अर्धांगवायू झालेला आहे, त्यांचे पुढचे झटके या यंत्राने कमी झालेले त्यात दिसले नाहीत. रुग्ण रात्री सरासरी साडेतीन तासांच्या आतबाहेरच ते लावत होते, हेही खरे. दिवसाची झोप मात्र नक्की उतरली. वजन उतरवल्याने आजार उतरतो हे जुनेच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने लठ्ठपणासाठीचे टिर्झेपटाइड हे इंजेक्शन या आजारासाठीही मंजूर केले. लहान मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर आधी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड बघायचे. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

यंत्र मिळाल्यावर त्याच दिवाळीत मी खोपोलीला मामीकडे गेलो. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, ऐकू कमी येत होते. तिला सगळे समजावून सांगितले. घसा, श्वास, मेंदूचे क्षणभर जागे होणे, स्पेनमधले ड्रायव्हर, सगळे. शेवटी म्हटले, ‘मामी, मामा प्यायलेले नव्हते. आजार होता तो.’ अर्थात, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मामांची रात्र कोणी कागदावर टिपलेली नाही. पण माझ्यापुरती मला शंका उरली नव्हती.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘प्यायले नव्हते, ते मला माहीत होतं की रे. तुला आज कळलं होय?’ आणि मग, ‘त्या क्लीनर पोराला जाऊन सांग. हे दर महिन्याला त्याच्या घरी पैसे पोचवायचे, मरेपर्यंत. आपणच झोपलो म्हणायचे. त्याला वाटायचं, ते दारूचं झाकण्यासाठी झोपेचं नाव पुढे करतात.’

क्लीनर तेव्हा पंचावन्नचा होता. चौकजवळच्या एका वाडीत त्याचे किराणा दुकान होते. मी गेलो, सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ते मशीन केवढ्याला मिळतं? माझा पोरगा टँकरवर आहे. फार घोरतो.’